आप्पांचं मकाऊ

तुरीचा हंगाम नुकताच संपला होता. सकाळची लिंगपूजा आटोपून आप्पा, म्हणजे माझे सासरे, चहाला येऊन बसले. कपाळावरची विभूती अजून ओली होती. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "बाई, मला मकाऊला जायचंय."

मला वाटलं, मक्याबद्दल काही बोलताहेत. आमचं घर आडतीचं. लातूरच्या मार्केट यार्डात आप्पांनी चाळीस वर्षं डाळीचा धंदा केला आणि आता तो माझे यजमान बघतात. घरात तूर, हरभरा, सोयाबीन, मका हे शब्द दिवसभर कानांवर पडतात. मी म्हटलं, "मका आपण कुठं घेतो आप्पा?"

"मका न्हाई. मकाऊ. गाव हाय. चीनकडं."

मी तशीच उभी राहिले, हातात गाळणी. मी घरी भूगोलाच्या शिकवण्या घेते, त्यामुळे मकाऊ नकाशावर कुठे आहे ते मला माहीत होतं. तिथे काय चालतं तेही माहीत होतं. आप्पांना ते माहीत आहे की नाही, हे काही मला कळेना. आप्पा म्हणजे दिवाळीतसुद्धा घरात पत्त्यांचा कॅट येऊ न देणारा माणूस. माझं लग्न झालं त्या वर्षी माझ्या मुखेडच्या भावानं लक्ष्मीपूजनानंतर गंमत म्हणून पत्ते काढले, तेव्हा आप्पा ताट सारून उठले. बावीस वर्षं झाली, आमच्या घरात पुन्हा कुणी पत्ते काढले नाहीत.

"तिथं जुगार चालतो आप्पा," मी हळूच म्हटलं.

"ठाऊक हाय. म्हणूनच."

एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

यजमान दुपारी जेवायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "कुणी डोक्यात भरवलं हे? फोनवर कायबाय बघत बसतेत." मग स्वतःच आप्पांच्या खोलीत गेले आणि लगेच परत आले. "म्हणतेत, नदी बघायची हाय. तिथं म्हणं एका हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर नदी हाय. तुला काय म्हणले?"

"मला जुगार म्हणाले."

आठ दिवसांनी आप्पांच्या मंदिरातल्या एका मित्रानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "काय वैनी, आप्पा चीनच्या डाळमिली बघायला चाललेत म्हणं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिघांना तीन कारणं सांगितली होती आणि त्यातलं एकही मला खरं वाटत नव्हतं. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या असत्या तर त्यांनी एका प्रश्नात सगळं काढून घेतलं असतं. मला तसं विचारता येत नव्हतं.

शेवटी यजमान तयार झाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बापानं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, ते नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण लोकांना हाँगकाँग सांगायचं, असं त्यांनी मला बजावलं. "मकाऊ म्हणू नको. आडतवाल्याचा बाप जुगाराच्या गावाला गेला म्हणतेल."

आमच्या रस्त्यावरच सहली काढणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी आम्हाला एक रंगीत कागद दिला. सहा दिवस, चौदा ठिकाणं, सोबत शाकाहारी स्वयंपाकी. आप्पांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"ढोरं बाजाराला नेल्यासारखं नेतेल हे. मला पळापळ नको. एका दिवशी एकच गोष्ट बघायची. बसून बघायची. आन् बाई, हे समदं तू ठरवायचं."

"मी? मी तिरुपतीच्या पुढं गेले नाही आप्पा."

"भूगोल शिकवतीस न्हवं?"

मी दोनशे पानी वही घेतली. आजवर मी लग्नांची रुखवतं ठरवली होती, पाहुण्यांच्या जेवणावळी ठरवल्या होत्या. तिथं किती माणसं आणि किती भाजी एवढाच प्रश्न असतो. इथे पहिल्याच पानावर माझा गोंधळ उडाला. मकाऊ चीनमध्ये आहे, पण चीनचा व्हिसा लागत नाही. चलन वेगळं, आणि तरी शेजारच्या हाँगकाँगचं चलनही चालतं. रस्त्यांची नावं पोर्तुगीज, माणसं चिनी. यजमान विचारायचे, "म्हणजे चीन हाय का न्हाई?" मी म्हणायचे, "आहे आणि नाही." ते माझ्याकडे असं बघायचे, जणू मी शिकवण्यांतल्या मुलांनाही हेच सांगत असेन.

आप्पांचे प्रश्न आणखी वेगळे असायचे. "तिथं दिवस आपल्या आधी उगवतो न्हवं? मग पूजा लातूरच्या सूर्यानं करायची का तिथल्या?"  मी म्हटलं, "जिथं असू तिथल्या." त्यांनी मान हलवली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग विमानतळावर काढून ठेवायला सांगतील का, ही त्यांची दुसरी काळजी. मी वहीत लिहिलं: डबी — विचारणे. कुणाला विचारणे, ते लिहिलं नाही.

हळूहळू मला त्यात गोडी वाटू लागली. दुपारी शिकवणीची मुलं यायच्या आधी मी तासभर वही घेऊन बसायचे. पहिला दिवस कोराच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गावातला दगडी चौक, तिथे काळ्यापांढऱ्या खड्यांची लाटांसारखी फरसबंदी आहे. दुपारी झोप. संध्याकाळी समुद्रदेवीचं देऊळ. तिसऱ्या दिवशी सकाळी फक्त नदी, म्हणजे ती तिसऱ्या मजल्यावरची. संध्याकाळपुढे मी रेघ ओढून ठेवली. तिथं काय लिहायचं ते लिहायला पेन उचलवत नव्हतं.

आप्पांना मी हे वाचून दाखवलं.

"पहिल्या दिवशी काय?"

"काही नाही. आराम."

"हे बरं हाय."

यजमान दारातून म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन झोपायचं व्हय?"

"तू झोपू नको," आप्पा म्हणाले.

पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. आप्पांची शाळा शिरूर अनंतपाळची. यजमानांना आडतीतून निघता येईना म्हणून मी आणि आप्पा गेलो. शाळेतल्या कारकुनांनी कापडात बांधलेलं जुनं रजिस्टर काढलं, पानं सांभाळून उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हे तुमचं नाव. आन् हे वरचं? आडनाव एकच, बापाचं नाव एकच, जन्मतारीखबी एकच. जुळे होता का?"

मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. आप्पांना भाऊ नव्हता. एक बहीण उदगीरला दिली होती, ती वारली. लग्नाच्या याद्यांपासून सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांपर्यंत मी या घरात कुठल्याही थोरल्या भावाचं नाव ऐकलं नव्हतं.

"जुळे न्हाई," आप्पा म्हणाले. "थोरला दीड वर्षानं मोठा. दोघांला एकाच दिवशी शाळंत घातलं. गुरुजींनी दोघांलाबी एकच तारीख लावली."

"मग ह्यांचा दाखला काढायचा का?"

"न्हाई. त्याचा नको."

 येताना गाडीत माझ्या मनात बावीस वर्षांतले सगळे प्रसंग उलटेसुलटे फिरत होते. कुठं काही दिसलं होतं का? घरातल्या एका जुन्या फोटोचा कोपरा कापलेला होता, पण तो वाळवीमुळं, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. की तीही वाळवी नव्हती? गाव मागं पडल्यावर आप्पांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बोलायला लागले.

"पत्त्याचा लई नाद त्याला. बाजाराच्या दिवशी देवळामागं बसायचे समदे. मला न्यायचा सोबत, कोण येतंय का बघायला. एकदा मी घरी सांगितलं. मीच सांगितलं. आमच्या बापानं त्याचं गाठोडं पायरीवर ठिवलं. तो म्हणाला, बरं. तेवढंच. नांदेडच्या यष्टीत बसला."

"मग?"

"मग काय. एकानं नांदेडला बघितला. एकानं निजामाबादला. आईनं लई वाट बघितली. बाप मात्र नाव काढू दिना. पुढं आम्हीबी काढिना झालो."

रस्त्यात एका ठिकाणी काम चालू होतं. गाडी थांबली. धूळ आत येत होती, तरी त्यांनी काच वर केली नाही.

"तो म्हणायचा," आप्पा म्हणाले, "कुठंतरी असं गाव असंल बघ, जिथं पत्ते खेळायला लपावं लागत न्हाई. दिवाबत्ती लावून, खुर्चीवर बसून खेळतेत. मी म्हणायचो, असं गाव नसतंय. फोनमधी बघितलं तवा कळलं. हाय की."

मी म्हटलं, "आप्पा, यांना माहीत आहे का हे?"

"त्याला न्हाई ठाऊक. तू सांगू नको. सांगायचं तर मीच सांगीन."

घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, "मिळाला दाखला?" मी हो म्हटलं.  रात्रंदिवस शेजारी वावरणाऱ्या माणसापासून त्याचाच काका लपवायचा, हे बरोबर की चूक, याचा निवाडा मला आजही करता आलेला नाही. त्यांचं त्या दिवशी भलतंच काही चाललं होतं. कडक भाकरी विमानात चालतात का, ते विचारत होते.

चालतात. आम्ही शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी आणि चार दिवस पुरतील एवढ्या कडक भाकरी घेतल्या. बिदरमार्गे हैदराबादला गेलो, तिथून हाँगकाँग, आणि तिथून समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून बसनं मकाऊ. विमानतळावर आप्पांच्या डबीबद्दल मी तपासणीच्या बाईंना हिंदीत सांगायला लागले आणि मध्येच अडखळले. आप्पांनी स्वतःच डबी तळहातावर उघडून दाखवली. त्या बाईंनी लांबूनच हात जोडले आणि जा म्हणाल्या. वहीतल्या त्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली. तेवढं एक तरी जमलं होतं.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे कोरा गेला. आप्पा खिडकीशी बसून समोरच्या इमारती बघत होते. एक सोनेरी, एक निळी, एक कशाच्याही आकाराची नसलेली. "हे समदं पत्त्यावर उभं हाय?" त्यांनी विचारलं. मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं की नाही ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दगडी चौकात ते अर्धा तास नुसते बाकावर बसले. धोतर, पांढरा शर्ट, टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दोन चिनी आजीबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्याशी बोलायला लागल्या. आप्पाही मराठीत बोलायला लागले. मी आणि यजमान समोर उभे होतो. काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं, पण त्या तिघांचं बरं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी नदी बघितली. खरंच तिसऱ्या मजल्यावर पाणी होतं. त्यात नावा होत्या, दोन्ही बाजूंना दुकानं होती आणि वर रंगवलेलं आभाळ होतं. त्या आभाळात कायम संध्याकाळ होती. बाहेर सकाळचे अकरा वाजले होते. आप्पांनी वर बघितलं, मग घड्याळ बघितलं, मग पुन्हा वर बघितलं. "बाई, आता पूजा झालीय का व्हायचीय?" ते खरोखरच विचारत होते. मी म्हटलं, झाली. नावाडी उभा राहून मोठ्यानं गात होता. यजमान म्हणाले, "आपल्याकडं नळाला पाणी कवा येईल त्याचा पत्ता न्हाई, आन् हे वरच्या मजल्यावर नावा फिरवायलेत." आप्पा हसले नाहीत. त्यांचं लक्ष तिथं नव्हतं.

संध्याकाळी ते तयार होऊन बसले. मी रेघ ओढून ठेवलेली ती वेळ आली होती. यजमान दारापर्यंत आले आणि थांबले. "मी आत येत न्हाई आप्पा. मला नको वाटतंय. तुम्ही दोघं जाऊन या." त्यांना कारण माहीत नसताना ते बाहेर थांबत होते, आणि मला माहीत असून मी आत चालले होते. दारावरच्या माणसानं आप्पांच्या धोतराकडे एकदा बघितलं, माझी पर्स तपासली आणि हात पुढे केला, या म्हणून.

आत मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल, गाणी असतील, सजलेल्या बायका असतील. शेकडो माणसं हिरव्या टेबलांभोवती बसली होती आणि कुणी हसत नव्हतं. परीक्षेला बसल्यासारखी दिसत होती. आम्ही एका टेबलाच्या मागं उभे राहिलो. आप्पांच्याच वयाचा एक माणूस बसला होता. त्याच्यापुढं पत्ता आला. त्यानं तो उलटला नाही. दोन्ही अंगठ्यांनी त्याची कड हळूहळू वर उचलत राहिला, एवढीशी, मग आणखी एवढीशी. पत्ता पार वाकला. मग त्यानं तो टेबलावर टाकला आणि खुर्चीला टेकला.

"जिंकला का हारला?" आप्पांनी विचारलं.

"कळलं नाही आप्पा."

"त्याच्या तोंडाकडं बघ की."

"बघितलं. कळत नाही."

आप्पा तिथंच उभे राहिले. अर्धा तास तरी झाला असेल. मी बसायला जागा शोधत होते, कारण त्यांचे पाय दुखतात हे मला माहीत होतं. पण नुसतं बसायला जागाच नव्हती. खुर्ची फक्त खेळणाऱ्याला. इतकी वही भरली होती मी, आणि बसून बघायचंय असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेवढंच माझ्याकडून राहून गेलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मला वाटलं होतं इथं येऊन कळंल."

"काय?"

"त्याला यात काय दिसायचं ते. घरापरीस मोठं काय होतं यात." मग म्हणाले, "त्याच्या नावानं एक डाव टाकू का?"

 बावीस वर्षांपूर्वी पत्ते बघून ताटावरून उठलेला माणूस मला परवानगी मागत होता. मी म्हटलं, "तुम्हाला वाटत असेल तर टाका." टेबलावर बसायची आमची छाती नव्हती, नियमही माहीत नव्हते. कडेला यंत्रं होती. त्यातल्या एकापुढं ते बसले, म्हणजे त्यांना बसायला एकदाची जागा मिळाली. मी नोट आत सरकवली. त्यांनी डाव्या हातानं गळ्यातली डबी शर्टाच्या आत ढकलली आणि उजव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं.

चित्रं गरगर फिरली. मासे, नाणी, लाल कंदील. मग थांबली. यंत्र गायला लागलं, दिवे लागले, आकडे वर गेले, खाली आले. चिनी अक्षरांत काहीतरी लिहून आलं. आम्ही दोघंही वाट बघत बसलो. मी आणखी एक बटण दाबलं तर खालून एक चिठ्ठी बाहेर आली.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी ती चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि यंत्रावरच ठेवून दिली. "चल," म्हणाले.

बाहेर यजमान एका दुकानाशी उभे राहून पिवळं पुडिंग भरलेली पिठाची छोटी वाटी खात होते. "लई भारी हाय हे. काय असतंय यात?" त्यात अंडं असतं, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "दूध असेल." त्या घटकेला मला आणखी एक खरं बोलणं झेपलं नसतं.

लातूरला परत आल्यावर पंधरा दिवसांनी आप्पांनी सांगितलं. जेवताना, ताटाकडे बघत, चार वाक्यांत. तुला काका होता. पत्त्यामुळं गेला. मी चुगली केली म्हणून गेला. त्याच्यासाठी तिकडं गेलो होतो. यजमानांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"दाखला काढायला गेलो तेव्हापासून."

ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मला त्यांचा राग समजत होता आणि समजत नव्हताही, कारण त्यांच्या जागी मीही चिडले असते, पण माझ्या जागी त्यांनी काय केलं असतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी निजामाबादच्या हळदीच्या बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना फोन लावले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. दोघातिघांनी विचारपूस केली. तिकडून काही कळलं नाही. यजमान एकदा स्वतःही जाऊन आले. परत आल्यावर मला म्हणाले, "फोटो न्हाई, काय न्हाई. लोकांला काय विचारू? म्हातारा बघितला का म्हणू?"

मागच्या महिन्यात आप्पा मठात गेले आणि स्वामींना म्हणाले, थोरल्या भावासाठी काहीतरी करायचं मनात आहे. मी सोबत होते. स्वामींनी विचारलं, "कधी लिंगैक्य झाले?"

"ते ठाऊक न्हाई."

"पण झालेत ना?"

"तेबी ठाऊक न्हाई."

 स्वामींनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सांगू शकेन. मग म्हणाले, "आप्पा, गेलेल्यासाठी वेगळं असतं आणि असलेल्यासाठी वेगळं. तुम्ही कुठलं करायचं म्हणता?"

आप्पांनी टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. "तुम्हीच सांगा," म्हणाले.

"मग आहेत असंच समजा," स्वामी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

आम्ही बाहेर आलो. आप्पा बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या त्यांच्या समोरच होत्या.